ब्लाइंड न सोडणाऱ्यांविरुद्धचा आराखडा : प्रकल्प नोंदी

३ जून

आजपासून हे काम हाती घेत आहे. हेतू मर्यादित आहे. पोकरच्या नो-लिमिट होल्डेम या प्रकारात बटनवरून (टेबलावर पाने उघडल्यावर सर्वांत शेवटी बोलण्याच्या जागेवरून) रेज करून, म्हणजे बोली वाढवून, ब्लाइंड (दोन खेळाडूंनी आधीच सक्तीने घातलेल्या चिपा) उचलण्याची, म्हणजे स्टील करण्याची, मला सवय लागली आहे. ब्लाइंड सोडायला तयारच नसलेल्या खेळाडूंसमोर ती का फसते आणि तिथे काय करावे, याचा दोन पानी आराखडा तयार करायचा आहे. आमचा सहा जणांचा अभ्यासगट केवळ चिपांवर खेळतो, पैशांचा संबंध नाही आणि रेकही (डावातून खेळवणाऱ्याचा हिस्सा) कापला जात नाही, त्यामुळे हिशेबातली एक गुंतागुंत आपोआप टळते. प्रत्येकाकडे १०० बिग ब्लाइंड असतात आणि पुढचे सर्व आकडे बिग ब्लाइंडच्या एककातच आहेत.

मूळ हिशेब लिहून ठेवतो. पॉटमध्ये, म्हणजे मधोमध जमलेल्या चिपांत, दोन्ही ब्लाइंड (बिग १, स्मॉल ०.५) मिळून १.५ आहेत. मी २.५ रेज केली आणि कॉल आल्यावर (समोरच्याने तेवढेच भरल्यावर) मला काहीच मिळत नाही असे धरले, तर नुकसान न होण्यासाठी २.५ भागिले ४, म्हणजे ६२.५ टक्के वेळा दोघांनीही पाने टाकायला हवीत. रेज २ ची असेल तर हा आकडा ५७.१ आणि ३ ची असेल तर ६६.७ टक्के होतो. आमच्या गटातले किमान दोघे याच्या निम्म्यानेही ब्लाइंड सोडत नाहीत. त्यावरून माझा प्राथमिक अंदाज असा की त्यांच्यासमोर बटनवरून फक्त उत्तम पाने खेळावीत आणि बाकी सरळ टाकून द्यावीत. हा अंदाज मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण तो टिकतो की नाही हेच पुढे तपासायचे आहे.

५ जून

आज बिग ब्लाइंडच्या खुर्चीत बसून विचार केला, आणि ज्याला मी हट्ट म्हणत होतो त्यातला बराचसा भाग साधा व्यवहार आहे हे मान्य करावे लागले. बटनने २ ची रेज केली आणि स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली, तर बिग ब्लाइंडला आणखी फक्त १ घालून ३.५ च्या पॉटसाठी खेळता येते, त्याला २२.२ टक्के इक्विटी (पाने शेवटपर्यंत उघडली तर पॉटमधला सरासरी वाटा) पुरते. रेज २.५ ची असेल तर २७.३ आणि ३ ची असेल तर ३०.८ टक्के लागतात. निरनिराळ्या रंगांची सत्ती-दुर्री हा हात कुप्रसिद्ध आहे, तरी कोणत्याही अनोळखी हातासमोर तिची इक्विटी सुमारे ३४.६ टक्के भरते. सर्वांत दुबळ्या तिर्री-दुर्रीचीसुद्धा ३२ टक्क्यांच्या थोडी वर आहे. स्पर्धेत बिग ब्लाइंडइतका अँटे (ब्लाइंडखेरीजची सक्तीची भर) पॉटमध्ये पडत असेल तर २ च्या रेजसमोर १८.२ टक्के पुरतात, आणि तिथे ब्लाइंड राखणे हा हट्ट उरतच नाही.

मग यात चूक कुठे आहे? कागदावरची इक्विटी आणि हाती पडणारा वाटा यांच्यात ती आहे. बिग ब्लाइंडला फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन सामाईक पाने), टर्न (चौथे पान) आणि रिव्हर (पाचवे पान) या तिन्ही वेळी आधी बोलावे लागते. मधल्या ताकदीचा हात असेल तर तो शेवटपर्यंत नेणे अवघड जाते, आणि चांगला हात लागला तरी त्याचे पुरते मोल मिळत नाही. या हाती पडणाऱ्या वाट्याला मी या नोंदींत ‘वसुली’ म्हणणार आहे. सत्ती-दुर्रीची इक्विटी ३४ असली तरी तिची वसुली त्याच्या बरीच खाली राहते, आणि तिला न लाभलेला वाटा माझ्याकडे यायला हवा. तो येत नसेल तर दोष माझ्या फ्लॉपनंतरच्या खेळाकडे जातो, त्याच्या कॉलकडे नाही.

९ जून

प्रकल्पातले सर्वांत उपयुक्त समीकरण आज जुळले, आणि त्याने ३ जूनचा अंदाज जवळजवळ निकालात काढला.

मी २.५ रेज करतो, स्मॉल ब्लाइंड पाने टाकतो असे धरतो, आणि बिग ब्लाइंड काही टक्के वेळा सोडतो. त्याने सोडले तर मला १.५ मिळतात. त्याने कॉल केला तर पॉट ५.५ चा होतो, आणि त्यातला माझा वसुलीचा वाटा वजा मी घातलेले २.५, एवढे माझ्या पदरात पडतात. आता तो ६० टक्के वेळा राखतो असे धरले, तर रेज तोट्यात न जाण्यासाठी मला कॉलनंतरच्या पॉटपैकी फक्त २७.३ टक्के वसूल करावे लागतात. तो ८० टक्के वेळा राखत असेल तर ३८.६ टक्के. आणि तो कधीच सोडत नसेल, शंभरपैकी शंभर वेळा कॉल करत असेल, तरीही ४५.५ टक्के पुरतात, निम्म्याहून कमी, कारण स्मॉल ब्लाइंडचा अर्धा एकक पॉटमध्ये बेवारस पडलेला आहे.

हा शेवटचा आकडा मी तीनदा तपासला. कधीही ब्लाइंड न सोडणाऱ्या माणसासमोर, त्याच्या नंतर बोलण्याची सोय हाताशी असताना, मला पॉटचा निम्मा वाटासुद्धा लागत नाही. म्हणजे ‘फक्त उत्तम पाने’ हा उपाय म्हणजे डोकेदुखीवर उपवास करण्यासारखा आहे. एकदम बंद करायला हवे ते एवढेच की ज्या हातांची सगळी कमाई समोरच्याने पाने टाकण्यावर अवलंबून होती, ते हात.

१४ जून

आतापर्यंतच्या डावांच्या नोंदी चाळून दोन खेळाडूंचे आकडे काढले. खेळाडू अ याने माझ्या बटनवरच्या रेजसमोर बिग ब्लाइंडमध्ये ४० संधींपैकी १२ वेळा पाने टाकली, आणि खेळाडू ब याने ३६ संधींपैकी ७ वेळा. म्हणजे अ ३० टक्के सोडतो आणि ब साधारण २० टक्के.

हे आकडे पाहून लगेच तक्ते मांडायला बसलो होतो, पण आधी त्यांची विश्वासार्हता पाहिली ते बरे झाले. ४० संधींवर ३० टक्के या मोजणीची प्रमाणित त्रुटी ७ टक्क्यांहून थोडी जास्त आहे, म्हणजे खरा आकडा १६ ते ४४ या दरम्यान कुठेही असू शकतो. एका टोकाला मला ४०.३ टक्के वसुली लागते, दुसऱ्या टोकाला २४ टक्के. हा फरक लहान नाही. केवळ १० संधी पाहून कोणी ‘हा सोडतच नाही’ म्हणत असेल तर त्याच्या अंदाजात दोन्ही बाजूंना जवळजवळ ३० टक्क्यांची ढिलाई असते, आणि गटातल्या गप्पांत आम्ही सगळेच असे बोलतो. एवढे मात्र निश्चित की दोघेही ६२.५ च्या आसपास कुठेच नाहीत, आणि आराखड्याच्या दिशेसाठी तेवढे पुरेसे आहे. जिंकल्या-हरल्या चिपांवरून मात्र इतक्या कमी डावांत काहीही ठरवणार नाही; नशिबाचे हेलकावे त्याहून कितीतरी मोठे असतात.

१७ जून

अ आणि ब यांना मी एकाच माळेचे मणी समजत होतो. आज दोघांचे फ्लॉपनंतरचे डाव वेगळे करून वाचले आणि तो समज गेला.

अ ब्लाइंड राखतो, पण फ्लॉप जुळला नाही की गप्प होतो. त्याचा हट्ट फ्लॉपच्या उंबरठ्यावर संपतो. जोडी नसलेल्या हाताला फ्लॉपवर निदान एक जोडी लागण्याची शक्यता किती, हे नेमके काढता येते: उरलेल्या ५० पानांतून तीन पाने १९,६०० प्रकारे येतात, त्यांपैकी आपल्या दोन्ही पानांना न शिवणारे प्रकार १३,२४४ आहेत, म्हणजे जुळण्याची शक्यता ३२.४ टक्के. हाती आधीच जोडी असण्याची शक्यता तर वाटपाच्या १३२६ संयोगांपैकी ७८, म्हणजे ६ टक्क्यांहूनही कमी. जो माणूस दहापैकी सात हात राखतो, त्याच्याकडे फ्लॉपवर बहुतेक वेळा काहीच नसते.

एक्का, ड्रॉ (पूर्ण व्हायला एखादे पान कमी असलेला हात) आणि क्वचित येणारी जिद्द यांना सूट देऊन, अ फ्लॉपवरच्या छोट्या बेटसमोर निम्म्या वेळा पाने टाकतो असे धरले. पॉट ५.५ चा आहे आणि मी १.८ बेट करतो, म्हणजे पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ती स्वतःपुरती फायद्यात राहण्यासाठी २५ टक्के फोल्ड (समोरच्याने पाने टाकणे) पुरतात, आणि इथे ५० मिळत आहेत. कॉल आला तर मी दर वेळी हरतो, असे अतिशय निराशाजनक गृहीत धरले, तरी अर्ध्या वेळेचे ५.५ वजा अर्ध्या वेळेचे १.८, असे सरासरी १.८५ एकक मला मिळतात. त्यातून रेजचे २.५ वजा जाता कॉल आलेल्या डावात ०.६५ चा तोटा होतो. आता फ्लॉपच्या आधीच तो ज्या ३० टक्के वेळा सोडतो ते धरून बेरीज केली: ०.४५ मिळवायचे आणि ०.७ गुणिले ०.६५, म्हणजे सुमारे ०.४५ घालवायचे. उत्तर जवळजवळ शून्य.

याचा अर्थ असा की अ याच्यासमोर मी पाने न पाहता रेज केली, फ्लॉपवर एक छोटी बेट लावली आणि कॉल येताच हात वर केले, तरी तोटा नगण्य आहे. प्रत्यक्षात माझ्याकडे कधी जोडी असते, कधी ड्रॉ असतो, कधी टर्नवर एक्का येतो, त्यामुळे उरलेला सगळा नफाच. ज्या माणसासमोर मी आखडता हात घेणार होतो, त्याच्यासमोर माझी रेंज, म्हणजे खेळायला घेतलेल्या हातांचा संच, उलट रुंद व्हायला हवी. बदलायचे आहे ते एवढेच की ब्लाइंड उचलायची जागा फ्लॉपच्या आधीची न राहता फ्लॉपनंतरची झाली आहे.

२२ जून

ब ही निराळी जात आहे. त्याच्याकडे तळाची जोडी असली तरी तो रिव्हरपर्यंत येतो, आणि शेवटी पाने उघडताना ‘बघायचे होते’ एवढेच म्हणतो. त्याच्यासमोर ब्लफ (हाती काही नसताना लावलेली बेट) म्हणजे पाण्यात काठी मारणे आहे. रिव्हरवर पॉटच्या निम्म्याएवढ्या ब्लफला ३३.३ टक्के फोल्ड लागतात. हातात एकही जोडी न लागलेल्या पानांखेरीज ब काहीच टाकत नसेल, आणि तोपर्यंत ती पाने गळून गेलेली असतील, तर हे ३३ टक्के यायचे कुठून?

म्हणून ब साठी हातांची निवड बदलावी लागते. एकाच रंगाची सत्ती-छक्की हा हात एरवी बटनवरून आवडीने खेळला जातो, कारण तो ड्रॉ घेऊन दमदाटी करू शकतो. पण अनोळखी हातासमोर त्याची निव्वळ इक्विटी सुमारे ४५ टक्केच आहे. निरनिराळ्या रंगांच्या एक्का-दुर्रीची सुमारे ५५ आहे, आणि राणी-सत्तीचीसुद्धा ५० च्या थोडी वर. दमदाटी चालत नाही तिथे उंच पान कामाला येते: एक्क्याची किंवा राजाची जोडी लागली की ब लहान जोडी घेऊन तीन वेळा चिपा भरतो. सत्ती-छक्की मी पूर्ण टाकून देणार नाही, ४५ आणि नंतर बोलण्याची सोय मिळून ती अजून उंबरठ्याच्या वर आहे. पण तिच्या खालचे लहान, तुटक हात ब समोर बंद. हे हात त्याने पाने टाकण्याच्या भरवशावरच जगत होते.

रेजच्या आकाराबद्दल गटात मतभेद आहेत. एकाचे म्हणणे असे की तो सोडतच नाही, तर लहान रेज करून जोखीम कमी ठेवावी. मला ते पटत नाही. ब कधीच सोडत नाही असे धरले तर तोटा टाळण्याचा उंबरठा रेजच्या आकाराने फारसा हलत नाही: २.५ ला ४५.५, ३ ला ४६.२, ४ ला ४७.१ टक्के. पण ज्या हाताची वसुली ६० टक्के आहे, तो २.५ च्या रेजवर सरासरी ०.८ कमावतो, ३ वर ०.९ आणि ४ वर १.१. उलट ४२ टक्के वसुलीचा हात याच क्रमाने ०.१९, ०.२७ आणि ०.४३ गमावतो. म्हणजे मोठी रेज चांगल्या हाताला आणखी चांगली आणि वाईट हाताला आणखी वाईट ठरते. म्हणून क्रम असा हवा की आधी तळाचे हात छाटावेत आणि मग आकार वाढवावा. छाटणी न करता नुसता आकार वाढवणे हा मी स्वतः मागच्या वर्षभर केलेला प्रकार आहे, आणि तो सर्वांत महाग पडतो. सध्या ब समोर ३ वर स्थिर राहतो; हातानुसार आकार बदलला तर ब च्याही लक्षात येईल.

फ्लॉपनंतर आकाराचा परिणाम अधिक ठळक दिसतो. ३ च्या रेजनंतर पॉट ६.५ चा होतो. तिन्ही वेळा पॉटच्या एक तृतीयांश बेट लावली आणि तिन्ही वेळा कॉल आला, तर माझ्या बाजूने मिळून जेमतेम १२ एकक जातात. तिन्ही वेळा दोन तृतीयांश लावली तर ३८. ब याच्या कॉल करण्यावर आकाराचा परिणाम होत नसेल, तर लहान बेट लावणे म्हणजे तो देऊ करत असलेल्या चिपा नाकारणे होय.

२६ जून

मार्च महिन्यातला एक जुना डाव उकरून काढला, कारण तो माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी बटनवर राजा-गुलाम घेऊन ३ ची रेज केली, ब ने कॉल केला. फ्लॉप चौकट राजा, किलवर नव्वी, इस्पिक चौकी. मी ४.५ लावले, त्याने कॉल केला. टर्नवर बदाम सत्ती आली, मी १० लावले, त्याने पुन्हा कॉल केला. पॉट ३५.५ चा झाला. रिव्हरवर किलवर दुर्री आली, तो चेक म्हणाला (बेट न लावता पाळी पुढे दिली), आणि मीही चेक केला. त्याने दश्शी-नव्वी दाखवली. मी पॉट ओढला आणि समाधान मानले. आज त्या समाधानाची किंमत काढली.

तो चेक करून थांबला आहे आणि शेवटचा शब्द माझा आहे. तो चेक करून मग माझ्या बेटवर रेज करत नाही असे धरले, तर कॉल येणाऱ्या हातांपैकी निम्म्याहून जास्त हातांना मी हरवत असेन, एवढ्यावरच बेट योग्य ठरते. मग हात मोजले. एक राजा माझ्याकडे आणि एक टेबलावर, म्हणजे दोन उरले. मला हरवणारे: राजा-राणीचे ८ संयोग, राजाबरोबर नव्वी, सत्ती, चौकी किंवा दुर्री, असे प्रत्येकी ६ म्हणजे २४, चार सेट (हातातल्या जोडीला टेबलावरचे तिसरे तसेच पान) प्रत्येकी ३ म्हणजे १२, आणि नव्वी-सत्तीचे ९. एकूण ५३. राजा-एक्का आणि मोठ्या जोड्या घेऊन त्याने सुरुवातीलाच पुन्हा रेज केली असती, आणि नव्वी-चौकी, नव्वी-दुर्री इतके खालचे हात त्यानेही टाकले असते, असे धरले. मी हरवतो ते: राजाबरोबर दश्शी, अठ्ठी, छक्की, पंजी किंवा तिर्री, प्रत्येकी ८ म्हणजे ४०. राजा-गुलामाचे ६ संयोग बरोबरीत सुटतात, ते बाजूला ठेवले.

इथवर आलो तेव्हा मी चकित झालो, कारण ४० विरुद्ध ५३ म्हणजे ४३ टक्केच होतात. समोरचा फक्त राजाच्या जोडीने किंवा त्याहून बऱ्या हाताने कॉल करणारा असता, तर माझा चेक बरोबर होता! २० ची बेट लावली असती तर दर कॉलमागे २.८ एककांचा तोटा झाला असता. पण ब नव्वीने कॉल करतो. एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी, छक्की यांच्यासोबतच्या नव्वीचे प्रत्येकी १२ आणि गुलाम-नव्वीचे ९, मिळून ६९ संयोग माझ्या पारड्यात पडतात. आता १०९ विरुद्ध ५३, म्हणजे ६७ टक्के, आणि तीच २० ची बेट दर कॉलमागे सुमारे ७ एकक कमावते. हाती दश्शी किंवा अठ्ठीची जोडी असेल तर तीही तो टाकणार नाही, ते मी मोजलेलेच नाही.

सगळा फरक नव्वीच्या त्या ६९ संयोगांनी पडला. माणूस कुठे सोडतो ही एक माहिती बदलली की त्याच पानांचा योग्य खेळ उलटा होतो. आराखड्यात ब च्या नावापुढे पहिली ओळ हीच असेल: टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत उंच पानाची जोडी) आणि बरा किकर (सोबतचे दुसरे पान) असेल तर रिव्हरवर चेक करून सुटायचे नाही.

२९ जून

एक चूक सापडली. स्मॉल ब्लाइंडमधून बिग ब्लाइंडवर रेज करण्याच्या तक्त्यात मी ३ च्या रेजसाठी ६६.७ टक्के फोल्ड लागतात असे लिहिले होते. अर्धा एकक आधीच घातलेला असतो, म्हणून नवीन जोखीम २.५ ची आणि आकडा ६२.५ टक्के हवा. सूत्र बटनच्या तक्त्यातून जसेच्या तसे उचलले होते, त्याचा हा परिणाम. याच आकड्यावरून दोन आठवडे मी स्मॉल ब्लाइंडमधून गरजेपेक्षा जास्त पाने टाकत होतो.

दुरुस्त तक्त्यानुसार, कधीच न सोडणाऱ्या बिग ब्लाइंडसमोर स्मॉल ब्लाइंडला ६ च्या पॉटपैकी ४१.७ टक्केच वसूल करावे लागतात, बटनपेक्षा कमी. पण हे आकर्षण फसवे आहे, कारण इथे आधी बोलण्याचे ओझे माझ्यावर येते आणि वसुलीच घटते. मधल्या हातांसाठी अर्धा एकक भरून नुसते आत येण्याचा मार्ग ब समोर अधिक शहाणपणाचा दिसतो. चेक झाला तर ती किंमत २५ टक्क्यांची आहे.

४ जुलै

खेळाडू क ब्लाइंड राखतो तो कॉल करून नव्हे, पुन्हा रेज करून. माझ्या २.५ वर तो साधारण १० करतो. त्याचा एक एकक आधीच आत आहे, म्हणजे तो ९ धोक्यात घालून ४ मागतो, त्याला ६९.२ टक्के वेळा मी सोडायला हवे. मी ४५ टक्के हात घेऊन बटनवरून रेज करत असेन, तर त्यातले ३१ टक्के, म्हणजे सगळ्या हातांपैकी सुमारे १४ टक्के, कॉल किंवा त्यावर आणखी रेज करण्यासाठी राखले की त्याचे कोणत्याही पानांनी रेज करणे आपोआप फायद्याचे राहत नाही. कॉलची किंमत ७.५ भागिले २०.५, म्हणजे ३६.६ टक्के.

मी आजवर किती सोडत होतो ते मोजले आणि आकडा इथे लिहिण्याची इच्छा झाली नाही. क हट्टी नव्हता. त्याने माझी सवय ओळखली होती.

८ जुलै

गटातल्या एकाने विचारले की हे सगळे हाताने मोजण्यापेक्षा सॉल्व्हरला (पोकरचे डावपेच मोजणाऱ्या संगणक-प्रोग्रामला) का विचारत नाही. प्रश्न रास्त आहे. २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी दोघांच्या लिमिट होल्डेमचे (बेटचा आकार ठरलेला असतो त्या प्रकाराचे) उत्तर जवळजवळ पूर्णपणे काढले, आणि २०१७ मध्ये लिब्राटस या प्रणालीने दोघांच्या नो-लिमिट खेळात चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. पण सॉल्व्हर मुळात जे देतो ते समतोलाचे डावपेच असतात: समोरचा काहीही करो, आपल्याला लुटता येऊ नये असे. ब रिव्हरवर कधीच सोडत नाही हे त्याला सांगितल्याशिवाय तो ब समोरही ठरलेल्या प्रमाणात ब्लफ करत राहतो. तसे सांगितले तर तो एकही ब्लफ करत नाही, आणि ते उत्तर तर मला कागदावरही मिळाले आहे.

त्यात एक धोका आहे, तो मात्र नोंदवतो. ब समोर एकही ब्लफ न करण्याचे मी ठरवले आणि ब ने एके दिवशी नव्वी टाकायला सुरुवात केली, तर माझ्या मोठ्या बेटना कॉल करायला फक्त मला हरवणारे हात उरतील, आणि २६ जूनचा हिशेब ४३ टक्क्यांवर येऊन थांबेल. म्हणून आराखड्यात प्रत्येक खेळाडूसमोर तीन स्वतंत्र रकाने करतो: फ्लॉपआधी सोडले, फ्लॉपवर सोडले, रिव्हरवर सोडले.

१२ जुलै

आराखडा दोन पानांत बसला. अ समोर रुंद रेंज, २.५ ची रेज, बहुतेक फ्लॉपवर छोटी बेट, आणि कॉल आला की हाताकडे पुन्हा नव्याने पाहणे. ब समोर तळाचे हात बंद, ३ ची रेज, जोडी असेल तर तिन्ही वेळा मोठी बेट, जोडी नसेल तर मुकाट्याने चेक. क समोर पहिल्या रेजची रेंज थोडी अरुंद आणि पुन्हा रेज आल्यावर सोडणे बरेच कमी. स्मॉल ब्लाइंड हट्टी असेल तर काय, हा भाग सध्या दोनच ओळींचा आहे. त्याला दोन्ही बाजूंनी अडचण असल्याने तो स्वतःच महागात पडतो.

१५ जुलै

नव्या आराखड्याचे पहिले सत्र झाले. अ समोर सहा वेळा रेज केली, दोनदा त्याने लगेच सोडले आणि तीनदा फ्लॉपवरच्या छोट्या बेटला. सहा डावांवरून काही ठरत नाही.

ब समोर एक डाव नोंदवण्यासारखा झाला. माझ्याकडे एक्का-अठ्ठी होती आणि फ्लॉपवर अठ्ठी वरची म्हणून लागली. फ्लॉप आणि टर्नवर दोन तृतीयांश लावले, दोन्ही वेळा तो आला. रिव्हरवर काहीच न बदलणारी तिर्री पडली आणि मी तसेच लावले. या वेळी तो बराच वेळ पानांकडे पाहत राहिला, आणि मग त्याने पंजीची जोडी उघडी करून टाकून दिली. ‘हल्ली तू काही नसताना लावतच नाहीस,’ असे तो म्हणाला.

तिसऱ्या रकान्यात ब च्या नावापुढे आतापर्यंत शून्य होते. तिथे १ लिहिला.